आभाळातून आग दिसते, नुकसान दिसत नाही

(सास्तूर, ता. लोहारा येथील जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बैठकीच्या पत्रकावर 'उपग्रह' हा शब्द वाचून पुष्कळांनी विचारले, की कापसाच्या भावाचे सोडून हे आभाळातले कुठून काढले? प्रश्न बरोबर आहे. भावाचा विषय सुटलेला नाही, दुपारी तो आहेच. पण गेल्या काही वर्षांत एक गोष्ट मुकाट्याने घडत आली आहे. आपल्या रानाकडे बघण्याचे काम तलाठ्याच्या हातून निघून आभाळातल्या यंत्राकडे चालले आहे. रान जळाले का, पीक वाळले का, पुन्हा सावरले का, याचा निवाडा सातशे-आठशे किलोमीटर उंचीवरून होऊ लागला आहे. ज्याच्या साक्षीवर आपली मदत ठरते आणि उद्या दंडही ठरेल, त्याला काय दिसते आणि काय दिसत नाही हे आपल्याला ठाऊक नसेल, तर चावडीवर कोणीही आकडा दाखवून आपल्याला गप्प बसवील.

पंचनामा म्हणजे काय हे सास्तूरला कोणी शिकवायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा हे गाव उमरगा तालुक्यात होते. त्यानंतर कागदावर नाव असणे आणि नसणे यात काय अंतर असते, ते इथल्या थोरांनी पाहिले आहे. आज आम्ही बोलणार आहोत ते त्याच पंचनाम्याबद्दल. फक्त या वेळी पंच माणूस नाही.

आधी आगीचे घेऊ, कारण ती समजायला सोपी आहे.

माघ-फाल्गुन लागला की आपल्याकडे गवत वाळून कोळ होते. मग कुठे बांध पेटतो, कुठे गायरान, कुठे कडब्याची गंजी. कुठे तारेची ठिणगी पडते, कुठे कोणाची बिडी. कुठे आपणच धसकटे आणि पऱ्हाटी पेटवतो आणि वारा फिरतो. ही आग दिवसातून काही ठराविक वेळांना वरून टिपली जाते. अमेरिकेच्या काही उपग्रहांवर 'व्हिअर्स' नावाचे उपकरण आहे. ते जमिनीची उष्णता मोजते. आजूबाजूच्या रानापेक्षा एखादा तुकडा फारच तापलेला दिसला की नकाशावर एक लाल ठिपका पडतो. 'नासा'च्या 'फर्म्स' नावाच्या नकाशावर हे ठिपके सुमारे तीन तासांत येतात. ते कोणालाही मोबाइलवर फुकट बघता येतात. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था असेच ठिपके वनखात्याला पाठवते. २००४ पासून ती हे काम जुन्या 'मोडिस' उपकरणावरून करीत होती, २०१७ पासून व्हिअर्सचीही जोड मिळाली. नोव्हेंबर २०२० ते जून २०२१ या एका हंगामात महाराष्ट्राच्या जंगलांसाठी असे सुमारे ३४ हजार इशारे गेले. देशात ओडिशा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगढ यांच्यानंतर आपला नंबर होता. त्याचा अर्थ ३४ हजार आगी असा नव्हे. एक मोठी आग दहा ठिपके पाडते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दहा पाडते.

आता या इशाऱ्यांत आपला धाराशिव जिल्हा कुठे? जंगल म्हणावे असे आपल्याकडे थोडेच. येडशीचा रामलिंग घाट आणि बालाघाटाच्या डोंगरांवरची काही राने. वन सर्वेक्षणाचा इशारा वनहद्दीतल्या आगीसाठी असतो. गायरान पेटले, बांध पेटला, तर त्या इशाऱ्याचा धनी कोणी नाही. जनावरे मात्र गायरानावरच चरतात.

ठिपक्याचा हिशेब नीट समजून घ्या. व्हिअर्सचा एक चौकोन ३७५ मीटर लांब आणि तेवढाच रुंद असतो. त्याचे क्षेत्र होते चौदा हेक्टर, म्हणजे सुमारे ३५ एकर. ठिपका पडतो तो त्या चौकोनाच्या मध्यावर. आग कोपऱ्यातल्या चार गुंठ्यांत असली तरी ठिपका मध्येच. आपल्याकडे ३५ एकरांत किती खातेदार असतात? आठ तरी, नाहीतर बारा. मग ठिपका कोणाच्या गटात पडला त्यावरून आग कोणी लावली हे ठरवायचे म्हणजे गावात चोरी झाली आणि ग्रामपंचायत गावाच्या मध्यभागी आहे म्हणून सरपंचाला धरायचे, असला न्याय झाला.

दुसरी गोष्ट वेळेची. हे उपग्रह आपल्या डोक्यावरून साधारण दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. संध्याकाळी सातला पेटून दहाला विझलेली गंजी त्यांच्या खिजगणतीत नाही. आमच्या एका कार्यकर्त्याने शेजारच्या गावातल्या जळालेल्या गंजीचा अर्ज लिहून दिला होता. कार्यालयात त्याला उत्तर मिळाले, की नकाशावर त्या तारखेला आग दाखवीत नाही. राख समोर पडलेली, कडबा गेलेला, बैल उपाशी, आणि साहेब मोबाइल बघून सांगतात आग नाही! ठिपका असला तर तिथे किंवा तिथून जवळ काहीतरी तापले होते एवढे कळते. ठिपका नसला तर काहीच कळत नाही. हे वाक्य ज्यांना लिहून घ्यायचे त्यांनी लिहून घ्यावे, अर्जात कामाला येईल.

तुम्ही म्हणाल, ही बारकी गोष्ट झाली. बारकी नाही. उत्तरेत बघा. पंजाब-हरियाणात भाताचे काड जाळण्यावर दिल्लीतून अशाच ठिपक्यांनी लक्ष ठेवले जाते. भारतीय कृषी संशोधन संस्था हंगामात रोजच्या रोज जिल्हावार आकडे काढते. त्या ठिपक्यांवरून शेतकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले, पंजाबात जमिनीच्या दप्तरात लाल शेरे पडले. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने दंड दुप्पट केला. दोन एकरांच्या आत पाच हजार, दोन ते पाच एकरांना दहा हजार, पाचच्या वर तीस हजार रुपये. पुढची गंमत अशी, की त्याच वर्षी नासातले शास्त्रज्ञ हिरेन जेठवा यांनी दक्षिण कोरियाच्या एका स्थिर उपग्रहाची चित्रे लावून दाखवले, की काड जाळण्याची वेळ दुपारच्या फेरीनंतरची झाली आहे. यंत्राची वेळ शेतकऱ्याला कळली होती. ठिपके कमी झाले म्हणून सरकार खूश, आणि धूर होता तिथेच. ज्याच्याकडे काड काढायला यंत्र नाही, मजूर नाही आणि गव्हाची पेरणी पंधरा दिवसांवर आली आहे, त्याला दंडाने काड उचलता येत नाही. ते सोडवायचे सोडून ठिपके मोजत बसले तर हेच होणार.

आणि ही गोष्ट फार लांबची राहिलेली नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये आपल्या शेजारच्या मध्य प्रदेश सरकारने जाहीर केले, की १ मेपासून काड जाळणाऱ्या शेतकऱ्याला मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेचा लाभ नाही आणि हमीभावाने त्याचा माल घेतला जाणार नाही. वाऱ्याची दिशा ओळखा.

आम्ही जाळण्याची वकिली करीत नाही. आम्ही शेतकी कॉलेजात शिकलो ते विसरलेलो नाही. काड जाळले की त्यातला जवळजवळ सगळा नत्र धुरात जातो, सेंद्रिय कर्बाची गोष्टच नको. बांध जाळला की बोर, लिंब, बाभळीची रोपे जातात. पण २०१७ साली गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला, त्यानंतर कृषी खात्यानेच सांगितले, की फरदड घेऊ नका, पऱ्हाटी रानात उभी ठेवू नका, अळी तिथेच राहते. मग ती काढायची कशी आणि टाकायची कुठे? कुट्टी करणारे यंत्र ज्या गावात पोचले नाही, तिथे काडेपेटी पोचते. बांधावर उभे राहून शेतकऱ्याला विचारले तर कारण समजते. वरून फक्त उष्णता दिसते.

हे आगीचे झाले. आग विझल्यावर काय, हा खरा आपला विषय आहे, आणि इथे तेच यंत्र आपल्या उपयोगाला येते.

आग विझली की मागे काळा पट्टा राहतो. तो पाहायला दुसरे उपग्रह आहेत. युरोपचा 'सेंटिनल-२' हा जोडीने फिरतो आणि दर पाच दिवसांनी आपल्या रानाचे चित्र काढतो. त्याचा चौकोन दहा मीटरचा आहे. दहा गुणिले दहा, शंभर चौरस मीटर. म्हणजे किती? आपला एक गुंठा! चौरस मीटरभराचा फरक सोडा. आपल्या आजोबांनी ज्या मापाने वाटण्या केल्या, त्याच मापाने हा उपग्रह रान बघतो. अमेरिकेचा 'लँडसॅट' नऊ गुंठ्यांचा चौकोन बघतो, पण त्याची चित्रे १९८० च्या दशकापासूनची साठवलेली आहेत आणि २००८ पासून ती सगळ्या जगाला फुकट आहेत. तुमचे गायरान चाळीस वर्षांपूर्वी कसे होते, कधी उजाड झाले, कोणत्या वर्षी अतिक्रमण शिरले, हे त्यात पडून आहे. मोजणी खात्याला अर्ज करून वाट बघावी लागत नाही.

जळालेली जागा ओळखायची कशी? हिरवे पान सूर्याचा लाल प्रकाश खाते आणि डोळ्याला न दिसणारा, लालच्या पलीकडचा प्रकाश परत फेकते. या दोन प्रकाशांच्या वजाबाकीला त्यांच्याच बेरजेने भागले की हिरवेपणाचा आकडा मिळतो. शास्त्रज्ञ त्याला 'एनडीव्हीआय' म्हणतात. उघड्या काळ्या रानात तो शून्य पूर्णांक एक-दोनच्या आसपास, भर पिकात सहा-सात दशांशांपर्यंत. जळालेल्या जागेसाठी याच धर्तीचा दुसरा आकडा आहे, त्यात लालच्या जागी आणखी पलीकडचा प्रकाश धरतात, कारण राख आणि करपलेले रान तिथे वेगळे उमटते. सेंटिनलचा तो प्रकाश वीस मीटरच्या चौकोनात येतो, म्हणजे चार गुंठ्यांत. बांधावरच्या हातभर पट्ट्याची आग त्यात सापडणार नाही. पाच एकर गायरान जळाले तर स्वच्छ सापडेल.

आपल्या भागात मात्र एक खोड आहे. आपली जमीन मुळातच काळी. उन्हाळी नांगरट केलेले वावर आणि जळालेले गवत, दोन्ही चित्रात काळेभोर दिसतात. बाहेरून आलेला तज्ज्ञ इथे फसू शकतो. तुम्ही फसणार नाही. आगीच्या आधीचे आणि नंतरचे चित्र शेजारी ठेवा. काळ्या डागाची कड सरळ असेल आणि बांधावर थांबली असेल तर नांगरट. कड वाकडीतिकडी, वाऱ्याच्या दिशेने लांबलेली आणि दोन-तीन बांध ओलांडून गेलेली असेल तर आग. नांगराला बांध कळतो, आगीला कळत नाही. उन्हाळ्यात आभाळ निरभ्र असते, त्यामुळे फेब्रुवारी ते मे चित्रे चांगली मिळतात. दोन चित्रांमध्ये पाच दिवसांचे अंतर, म्हणजे आग कोणत्या पाच दिवसांत लागली हे पक्के होते. कोणी लावली हे होत नाही, ते कोणी चित्रात शोधूही नये.

मृग बरसला की जळालेल्या गायरानाचा आकडा चढू लागतो. श्रावणात बघाल तर गेल्या वर्षीइतकाच, कधी त्याहून जास्त हिरवा. कार्यालयातला माणूस म्हणेल, रान सावरले, विषय संपला. आम्ही म्हणतो, जरा खाली उतरून बघा काय उगवले आहे ते. आपल्या माळावर मारवेल आणि शेडा-पवन्या ही चांगली गवते. चराई अति झाली आणि वरचेवर आग फिरली की ती मागे हटतात आणि कुसळ माजते. कुसळीला आग मानवते. तिचे बी टोकदार, पीळ घेऊन मातीत शिरते आणि खाली सुरक्षित राहते. कोवळी असेतो जनावर तिला तोंड लावते. कुसळे धरली की तोंडाला टोचतात, मेंढीच्या लोकरीत शिरतात, कातड्यात रुततात. आता सांगा, उपग्रहाच्या लेखी मारवेलही हिरवे आणि कुसळही हिरवे. आकडा सावरला, चारा सावरला नाही. दुभत्या म्हशीला एनडीव्हीआय घालता येत नाही.

ही अडचण आपल्यापुरती नाही. अमेरिकेत यलोस्टोन नावाचे मोठे राष्ट्रीय उद्यान आहे. १९८८ च्या उन्हाळ्यात त्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग आगीखाली आला. लँडसॅटने तेव्हापासून त्याच्यावर नजर ठेवली आहे. गवताळ भाग वर्ष-दोन वर्षांत हिरवा झाला. पाइनच्या जंगलातले व्रण मात्र तीस वर्षांनंतरच्या चित्रांतही दिसत होते. त्यांच्याकडे चित्राबरोबर माणसेही रानात जात राहिली, रोपे मोजत राहिली, म्हणून हे कळले. आपल्याकडे चित्र आहे आणि रानात जाणारे तुम्ही आहातच. तुमची नोंद कोणी धरीत नाही, एवढीच उणीव.

आता आगीवरून दुष्काळाकडे येतो. तुम्हाला वाटेल विषय बदलला. बदललेला नाही, आकडा तोच आहे.

२०१६ साली केंद्राने दुष्काळ जाहीर करण्याची नवी संहिता काढली आणि आपल्या राज्याने २०१७ मध्ये ती लागू केली. त्याआधी आणेवारी होती. तिच्यात लबाडी चाले, हे खरे, पण ती निदान पिकाकडे बघत असे. नव्या संहितेत आधी पाऊस बघतात, मग पेरणी, जमिनीतला ओलावा, धरण-विहिरींचे पाणी आणि उपग्रहाचा हिरवेपणा. हिरवेपणा असा मोजतात: गेल्या अनेक वर्षांतले सगळ्यात वाईट वर्ष म्हणजे शून्य, सगळ्यात चांगले म्हणजे शंभर, यंदाचे त्यात कुठे बसते. साठच्या वर ठीक, चाळीस ते साठ मध्यम, चाळीसच्या खाली गंभीर. मग तालुक्यातल्या निवडक गावांत जाऊन खात्री. ते फोटो 'महा मदत' या ॲपवर चढवायचे, जे नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राच्या मदतीने तयार झाले.

२०२३ चा ऑगस्ट तुम्ही विसरला नसाल. १९०१ पासूनच्या नोंदींत देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. ३१ ऑक्टोबरला राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. आपल्या जिल्ह्यातले धाराशिव, वाशी आणि आपला लोहारा त्यात होते. तुळजापूर, उमरगा, कळंब, भूम, परंडा नव्हते. लोहारा आणि उमरगा यांच्या शिवेवर एकच बांध आहे. बांधाच्या या बाजूला दुष्काळ आणि त्या बाजूला सुकाळ, असे पीक आम्ही कधी पाहिले नाही. ओरड झाली तेव्हा नोव्हेंबरमध्ये बाकीच्या तालुक्यांतल्या महसूल मंडळांत 'दुष्काळसदृश परिस्थिती' जाहीर करावी लागली. तिथे कसोटी लावली ती साध्या पावसाची, सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिलिमीटरच्या आत. म्हणजे उपग्रह, ओलावा, निर्देशांक एवढा सगळा खटाटोप करून शेवटी सरकारला पर्जन्यमापकाच्या नळीकडेच यावे लागले.

हिरवेपणा कुठे फसवतो ते कापसावरून बघा. ऑगस्टात एकवीस-बावीस दिवस पाऊस नाही. पऱ्हाटी मरत नाही, तिचे मूळ खोल. ती काय करते? पाते टाकते, फुले टाकते, पाने राखते. सप्टेंबरात दोन पाऊस होतात आणि ती पालवते. त्या महिन्याच्या शेवटी वरून चित्र काढले तर कापूस हिरवागार. आकडा सांगतो, पीक सावरले. झाडाला बोंडे सात-आठ. वेचणीला बाई लावली तर मजुरी कापसाच्या किमतीहून जास्त. ज्वारीचे तसेच. फुलोऱ्यात ताण पडला की कणसात दाणा भरत नाही, ताट मात्र काही दिवस हिरवे राहते. आणि जे वावर बी कुजून किंवा पैशाअभावी पडीक राहिले, त्यात गाजरगवत छातीइतके होते. त्या गाजरगवताचीही सरकारदरबारी हिरवेपणात नोंद!

आणखी एक मेख सरासरीत आहे. निकाल तालुक्याचा लागतो. माकणी धरणाच्या पाण्यावरचा ऊस भर दुष्काळात हिरवा असतो. तो ज्याचा आहे त्याला लखलाभ, आमचे त्याच्याशी भांडण नाही. पण त्याचा हिरवा आणि कोरडवाहूचा वाळका एकत्र करून सरासरी काढली, की आपले वाळणे त्या उसाच्या आड जाते. त्यात पीकपद्धत बदलली. दहा वर्षांपूर्वी जिथे ज्वारी-कापूस होता तिथे सोयाबीन आले. जुन्या पिकाच्या चांगल्या-वाईट वर्षांवर नव्या पिकाचे यंदा तोलायचे, हे माप आम्हाला समजत नाही.

आणि ढग. हा उपग्रह ढगापलीकडे बघू शकत नाही. उन्हाळ्यात रान जळते तेव्हा आभाळ निर्मळ, त्याला सगळे दिसते. खरिपात आभाळ भरून येते, पाऊस पडत नाही, नुसते झाकोळते; तेव्हा पीक वाळत असते आणि त्याला दिसत नाही. ढगातून आरपार बघणारे रडारचे उपग्रह आहेत, भातखाचरे ओळखायला ते वापरतातही. दुष्काळाच्या हिरवेपणाचा आकडा मात्र ढगाला अडतो. आग स्वच्छ दिसावी आणि दुष्काळ धूसर दिसावा, असा हा डोळा आहे.

पीक विम्यातही हे आले आहे. २०२३ च्या खरिपापासून केंद्राने भात आणि गहू या पिकांचे उत्पादन ठरवताना किमान ३० टक्के वजन अशा तंत्राच्या अंदाजाला दिले. भाताचे पान आणि भाताचा दाणा यांचा मेळ बराच बसतो. कोरडवाहू कापसाचा बसत नाही, हे आत्ताच सांगितले. म्हणून कापूस-ज्वारीसाठी हे वजन वाढवायला निघाले, तर आधी आपल्या मंडळातल्या कापणी प्रयोगाशी ताडून दाखवा, असे आपण म्हटले पाहिजे.

मग काय, उपग्रहाला दगड मारायचा? मुळीच नाही. तलाठ्याला फिरवता येते, पंचाला चहा पाजता येतो, चित्राला पाजता येत नाही. बांधावर न येता पंचनामा लिहिणाऱ्याला तारखेचे चित्र दाखवून उघडे पाडता येते. त्याला साक्षीदार करा, न्यायाधीश करू नका, एवढेच आमचे म्हणणे आहे. आणि साक्षीदार आपलाही असला पाहिजे.

त्यासाठी या बैठकीत ठराव येत आहे. जिल्हाधिकाऱ्यांकडे मागणी अशी, की दुष्काळ ठरवताना आपल्या मंडळाचा हिरवेपणाचा आकडा, तो कोणत्या तारखांच्या चित्रांवरून काढला आणि त्यातले किती ढगाखाली गेले, हे चावडीवर लागले पाहिजे. बागायत बाजूला काढून कोरडवाहूचा आकडा वेगळा द्यावा. आणि ठिपका पडला म्हणून कोणाही शेतकऱ्यावर, जागेवर पंचनामा झाल्याशिवाय, दंड, गुन्हा किंवा योजनेतून वगळणे होऊ नये. इथे आज तसे झाले आहे म्हणून नाही, होण्याआधी.

बाकीचे काम आपले. प्रत्येक गावात शाळेत शिकणारा एखादा पोरगा किंवा पोरगी निवडा, ज्यांच्या हातात मोबाइल असतोच. त्यांना सेंटिनलची चित्रे उघडायला एक दुपार पुरते, आम्ही शिकवू. गावाने एक वही घालावी. आग लागली की तारीख, वेळ, गट नंबर, अंदाजे किती गुंठे, काय जळाले, चार बाजूंनी फोटो. फोटोत ठिकाणाची नोंद चालू ठेवा. ई-पीक पाहणी करता तसेच. गायरान जळाले असेल तर जळालेला आणि न जळालेला असे दोन तुकडे खुणा करून ठेवा. दसऱ्याच्या सुमारास एक मीटर लांब, एक मीटर रुंद लाकडी चौकट घ्या, प्रत्येक तुकड्यात पाच ठिकाणी टाका, आतले गवत कापा, मारवेल वेगळे, कुसळ वेगळे, वाळवून तोला. कॉलेजात आम्हाला हेच शिकवले होते आणि त्याला तागडीशिवाय काही लागत नाही. दोन वर्षे हे तोलले, की 'रान सावरले' म्हणणाऱ्यापुढे ठेवायला आपल्याजवळ किलोतला आकडा असेल. कापसाचेही तसे करा. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात प्रत्येक गावातल्या दहा वावरांत दहा-दहा झाडांची बोंडे मोजून, त्याच आठवड्याच्या चित्राशेजारी वहीत लिहून ठेवा.

जाळरेषेचे काम मात्र वहीआधी. संक्रांतीनंतर गवत पुरते वाळायच्या आत गायरानाच्या कडेने आणि तारांखालून दहा-बारा फुटांचा पट्टा कापून साफ करायचा. ग्रामपंचायतीने रोजगार हमीत घेतले तर उत्तम, नाही घेतले तर श्रमदान. गंज्या तारेखाली रचू नका आणि दोन गंज्यांत अंतर सोडा. ज्या गावांना यंदा वही सुरू करायची आहे त्यांनी जेवणाच्या सुट्टीत नावे द्यावीत. येताना गावचा गट नकाशा आणि एक मोबाइलवाले पोर सोबत आणायचे, पहिली शिकवणी इथेच सास्तूरला घेऊ.